तंतू टिकतो, उशी टिकत नाही : घरगुती वस्त्रांतील कृत्रिम तंतूंची चिकित्सा

वस्त्रशास्त्राच्या टिपणांत तंतूंच्या गुणधर्मांचे कोष्टक असते आणि खाली निष्कर्ष असतो : पॉलिएस्टर मजबूत आहे, म्हणून ते उशा, गालिचे, पांघरुणे यांसाठी टिकाऊ. कोष्टक बरोबर आहे. त्या ‘म्हणून’वर मात्र माझा आक्षेप आहे.

उशी. भरणासाठीचे पॉलिएस्टर तंतू कारखान्यात कुरळे केलेले असतात. त्या कुरळेपणात हवा अडकते, म्हणून उशी फुगीर राहते. डोक्याच्या रोजच्या भाराने कुरळेपणा जातो आणि तंतूंचे गोळे होतात. तंतू शाबूत असतो. उशी निकामी झालेली असते. कापसाची उशीही दबते. पण ती उसवून, कापूस उन्हात घालून पिंजाऱ्याकडे दिली, तर तो कापूस मोकळा करतो, थोडा नवा मिसळतो आणि उशी पुन्हा भरून देतो. नाजूक तंतूची उशी दुरुस्त होते, मजबूत तंतूची फेकली जाते. कोष्टकात दुरुस्तीचा रकानाच नाही.

पांघरूण. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर घ्या. सुती धाग्याची, जॅकार्ड मागावर विणलेली ही चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. प्रमाणित हवामानात (६५ टक्के सापेक्ष आर्द्रता) कापूस सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर केवळ ०.४ टक्के. घामाच्या रात्री हा फरक अंगाला कळतो. चादर विरली की तिची गोधडी होते, शेवटी पुसणे. पॉलिएस्टरचे ब्लँकेट हलके, उबदार आणि स्वस्त असते. पण धुताना त्यातून सुटणारे बारीक तंतू पाण्यात जातात आणि सहज कुजत नाहीत.

गालिचा. येथे ‘कृत्रिम’ हा एकच शब्द अपुरा पडतो. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे पाण्यात विरघळणारे डाग लवकर निघतात. पण वर्दळीत त्याची लव दबून राहते आणि सुमारे १६५ अंश सेल्सिअसला ते वितळते. नायलॉनची लव दबून पुन्हा उभी राहते. दोघांना एका ओळीत बसवणे चूक आहे.

आता दुसरी बाजू. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना बिसिनोसिस हा फुफ्फुसांचा विकार होतो. कापसाची उशी घरी धुता येत नाही आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती लवकर सुकतही नाही. वसतिगृहात किंवा रुग्णालयात धुता येणारी, झटकन वाळणारी पॉलिएस्टरची उशीच सोयीची. तेव्हा ‘नैसर्गिक ते चांगले’ हा निष्कर्षही तितकाच उथळ ठरेल.

सारांश, तंतूचा टिकाऊपणा आणि वस्तूचा टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत पहिला लिहा, पण दुसरा विसरू नका.

स्वाध्याय : आपल्या घरातील एक उशी, एक पांघरूण आणि एक पायपुसणे निवडा. प्रत्येकाचा तंतू ओळखा. ते किती वर्षे वापरात आहे, कधी दुरुस्त झाले आणि निकामी झाल्यावर कुठे जाईल, ते लिहा.