घरची शाळा आणि पहिले पुस्तक

आपल्या सीमाभागातल्या मराठी घरांत अलीकडे एक नवी शाळा भरू लागली आहे. तिला इमारत नाही, हजेरीपट नाही, तपासनीसही नाही. ती कधी जेवणाच्या टेबलावर भरते, कधी आजीच्या पलंगावर, तर कधी रविवारी दुपारी सोप्यात. मूल दिवसभर इंग्रजी किंवा कन्नड माध्यमाच्या वर्गात बसते. त्यामुळे त्याला मराठी लिहा-वाचायला शिकवण्याचे काम घरावर येऊन पडते. मुलांच्या पुस्तकांवर मी अधूनमधून लिहिते, म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ओळखीच्या सुना-लेकी मला विचारतात, "पोर सहा वर्षांचे झाले. कोणते पुस्तक आणू?" प्रश्न साधा दिसतो. परंतु मूल पुढे मराठी वाचणार, की फक्त बोलणार, हे पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर ठरते. म्हणून बाजारात आणि शाळांत मिळणारी ही पुस्तके घरच्या शाळेच्या नजरेने तपासून पाहावीत, असे मनात आले.

तपासायला कसोटी हवी. शाळेचे पुस्तक काही गोष्टी गृहीत धरते : रोजचा तास, शिकलेला शिक्षक, आणि वर्गात व मैदानावर सतत कानी पडणारी मराठी. घरच्या शाळेत यातले काहीच नसते. असतो अर्धा तास आणि दमून आलेली आई. मात्र एक मोठे भांडवल असते. सहा वर्षांचे मूल मराठी बोलते, भांडते, हट्ट करते. गोष्ट ऐकते आणि तिच्यातली चूकही काढते. भाषा त्याच्या कानात आहे, डोळ्यांत नाही. जे पुस्तक कानातली मराठी लवकरात लवकर डोळ्यांपुढे आणून ठेवील, ते घरासाठी चांगले. माझी कसोटी एवढीच आहे.

या कसोटीवर आपली सर्वांत लाडकी अंकलिपी प्रथम घेऊ. कोणत्याही वह्या-पुस्तकांच्या दुकानात ती मिळते, स्वस्त असते, आणि आजी-आजोबांच्या डोळ्यांत पाणी आणते. उखळाचा उ, एडक्याचा ए, ऐरणीचा ऐ, यज्ञाचा य! यांतल्या किती वस्तू आजच्या मुलाने पाहिल्या आहेत? चित्र पाहून शब्द आठवावा आणि शब्दावरून अक्षर, हा अंकलिपीचा हेतू. इथे चित्रच अनोळखी, मग शब्द कुठून आठवणार?

तथापि चित्रे बदलूनही मूळ अडचण राहतेच. आपल्या वर्णमालेचा क्रम कंठ्य, तालव्य, मूर्धन्य असा उच्चारस्थानांवरून लावलेला आहे. तो अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. पण ज्याला वाचता येते त्याच्यासाठी. नवशिक्याला पाचव्या जागी ङ आणि दहाव्या जागी ञ भेटतो, आणि त्यांनी सुरू होणारा एकही शब्द त्याला ठाऊक नसतो. ण साठी बाण दाखवावा लागतो, म्हणजे अक्षर शब्दाच्या शेवटी शोधायचे. पुढे बाराखडी : तीसहून अधिक व्यंजने गुणिले बारा, म्हणजे चारशेच्या घरात रूपे. त्यांतली कित्येक कुठल्याही शब्दात येत नाहीत. हा डोंगर चढून होईपर्यंत मुलाने अर्थाचे एक वाक्यही वाचलेले नसते. वर्गात चाळीस पोरांच्या सुरात ते निभावत असे. घरी एकट्या मुलाला आठ दिवसांत कंटाळा येतो, आणि "त्याला मराठीची गोडीच नाही" असा शिक्का बसतो.

याला पर्याय फार पूर्वी दिला गेला आहे. फलटणला प्रगत शिक्षण संस्थेच्या कामातून मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्याची जी पद्धत रुजवली, तिच्यात अक्षरे गटागटाने येतात आणि मात्रा पहिल्यापासून त्यांच्यासोबत असतात. क, म, र, न, ल एवढी अक्षरे आणि काना व दीर्घ वेलांटी घ्या : मामा, काकी, नाक, कान, मीना हे शब्द लगेच वाचता येतात. "मामा, काम करा" हे आख्खे वाक्य पहिल्या पंधरवड्यात वाचून होते. आपण वाचले, आणि त्याचा अर्थ कळला, हा आनंद सहा वर्षांच्या मुलाला किती लवकर मिळतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. पुण्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीच्या, अलीकडच्या पहिलीच्या पुस्तकांनीही अक्षरगटांचीच वाट धरली आहे. ही पुस्तके संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात, ही आपल्यासारख्या राज्याबाहेरच्यांना मोठीच सोय आहे.

मग बालभारतीचे पहिलीचे पुस्तक आणले की झाले का? अक्षरओळखीपुरते झाले. त्यापुढे दोन अडचणी येतात. मराठी माध्यमाचे पुस्तक बाकीचे विषयही मराठीतच शिकणारे मूल डोळ्यांपुढे ठेवते; त्यामुळे दुसरीपासून पाठांचा वेग आपल्या मुलाला झेपत नाही. उलट, महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. तिथल्या इतर माध्यमांसाठी असलेल्या पुस्तकांत मराठी घरात नसलेली मुलेही गृहीत धरावी लागतात. आपले मूल या दोहोंच्या मधले आहे. एक पुस्तक त्याला फार जाणते समजते, दुसरे फार अजाण. घरच्या शिक्षिकेने दोन्ही जवळ ठेवावीत, आणि इयत्तेचा आकडा विसरून पाने निवडावीत. आठ वर्षांच्या मुलाने पहिलीचे पुस्तक वाचले म्हणून काही बिघडत नाही. मात्र मुखपृष्ठावरचा तो आकडा झाकून टाकावा. मुलांना तो लागतो.

दोन्ही प्रकारच्या पुस्तकांत न सापडणारी एक गोष्ट म्हणजे कन्नडशी नाते. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानंतर इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही कन्नड शिकावी लागते. पुष्कळ घरांत याकडे मराठीवरचे ओझे म्हणून पाहिले जाते. वाचन शिकवण्यापुरते बोलायचे तर ते घरबसल्या मिळालेले साहाय्य आहे. कन्नड वर्णमालेचा क्रम आपलाच. आपली बाराखडी ती त्यांची कागुणित. आपला ळ त्यांच्याकडेही आहे. रफार उच्चारात आधी आणि लिहिण्यात नंतरच्या अक्षरावर, ही मुलांना चकवणारी गोष्ट कन्नडातही तशीच आहे. फरक आहेत, ते मात्र सांगावे लागतात. जोडाक्षरात कन्नड दुसरे अक्षर खाली लिहिते, देवनागरी बहुधा पहिले अर्धे करते. कन्नडात शेवटचा अ पूर्ण उच्चारतात, म्हणून कन्नड वाचणारे मूल 'घर' मधला र लांबवते. शिवाय चाक आणि चार, जाळे आणि जीव यांतले दोन च आणि दोन ज मराठी लिपी वेगळे दाखवत नाही; ते कानानेच शिकायचे. आणि लिंग! कन्नडात निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसक. मराठीत तो दगड, ती वाटी, ते पान. या गोष्टी लक्षात घेऊन सीमाभागातल्या मुलांसाठी रचलेले एखादे पहिले पुस्तक असावे, असे मला कळकळीने वाटते. आमच्या पाहण्यात ते नाही. बेळगाव-निपाणीकडच्या निवृत्त शिक्षकांनी मनावर घेतले तर एका उन्हाळ्यात त्याचा कच्चा खर्डा होईल.

अक्षरे आली की पाठ्यपुस्तक बाजूला ठेवावे आणि गोष्टीची पुस्तके हाती द्यावीत. इथे मराठीत आज चांगली निवड आहे. माधुरी पुरंदरे यांची यशच्या आणि राधाच्या गोष्टींची पुस्तके मी प्रथम सुचवीन. त्यांत राजा-राणी नाहीत. नवी शाळा, घरी आलेली पाहुणी, मोडलेला हात असे मुलाच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, आणि माणसे बोलतात तशी मराठी आहे. बोधाचे शेपूट कुठे लावलेले नाही. लेखिकेने स्वतः काढलेली चित्रे वाचनाला हात देतात. अडलेला शब्द चित्रात सापडतो. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. त्यातले घर शहरी, मध्यमवर्गी आहे. शेतावरच्या घरातल्या मुलाला ते थोडे परके वाटेल, एवढे म्हणता येईल. थोड्या मोठ्या मुलांसाठी बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे, आणि त्याचे जुने अंकही संगणकावर खुले आहेत.

दुसरा साठा अनुवादित पुस्तकांचा. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला आणि बंगळूरच्या प्रथम बुक्सची पुस्तके एकच गोष्ट अनेक भारतीय भाषांत देतात. प्रथमच्या २०१५ साली सुरू झालेल्या स्टोरीवीव्हरवर वाचनाच्या चार पायऱ्या लावलेल्या आहेत, आणि वाचायला पैसे पडत नाहीत. आपल्या घरांना याचा खास उपयोग असा, की तीच गोष्ट मुलाने शाळेच्या कन्नडात वाचावी आणि घरच्या मराठीतही. पण अनुवादांची प्रत सारखी नाही. "त्याने त्याचे डोळे त्याच्या हातांनी चोळले" अशा धाटणीचे वाक्य दिसले की पुस्तक खाली ठेवावे. मराठी मूल नुसते डोळे चोळते. ते कुणाचे, हे सांगावे लागत नाही. परीक्षा सोपी आहे : पान मोठ्याने वाचा. जीभ अडखळली, तर ती मराठी नव्हे.

राहिला आपल्या बोलीचा प्रश्न. पुस्तकातली आई "मी आले" म्हणते, आमच्याकडच्या कित्येक बायका "मी आलो" म्हणतात, आणि "काय करालायस?" असे विचारतात. मीही घरात तशीच बोलते आणि लिहिताना "आले" लिहिते. मुलाला दोन्ही सहज कळते. मात्र पुस्तकाच्या आधारे आजीचे बोलणे चुकीचे ठरवले, तर मूल आजीपासून दुरावते आणि मग मराठीपासूनही. पुस्तकात असे लिहितात, आपण असे बोलतो, एवढे सांगणे पुरेसे आहे. अण्णा, अक्का, तूप हे शब्द कन्नडाशी सामाईक आहेत, हेही त्याच वेळी सांगावे. मुलांना अशी नाती आवडतात.

शेवटी एक नाजूक बाब. आपल्याकडे पुस्तकाची निवड पुष्कळदा पत्त्यावरून होते. पुण्याचे छापलेले ते आपले. कर्नाटक शासनाने मराठी माध्यमाच्या शाळांसाठी काढलेले हातात घ्यायचे नाही. या भावनेमागे जी वर्षे आहेत, ती मी याच भागात राहून पाहिली आहेत आणि तिचा मला आदर आहे. पण तो वाद मोठ्यांचा आहे, त्याची जागा सभेत आणि न्यायालयात आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या मांडीवरचे पुस्तक ही त्याची जागा नव्हे. तिथे एकच विचारावे : हे वाचताना मूल पुढचे पान आपणहून उलटते का? उलटत असेल, तर ते कुठेही छापलेले असो, ते मराठीच्याच बाजूचे आहे.

म्हणून या दिवाळीत विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे : अक्षरगटांचे एक पुस्तक आणा, गोष्टींची दहा आणा, आणि अंकलिपी भिंतीवर टांगा, तिचे पाढे तरी कामाला येतील. रोज वीस मिनिटे वाचा. त्यातली दहा तुम्ही, दहा मुलाने. आणि परीक्षा मात्र घेऊ नका. ती त्याच्या शाळेत पुष्कळ होतात.