घामातील साखर : दावा आणि पडताळणी

बोटाला सुई न टोचता, नुसत्या घामावरून रक्तातील साखर सांगणाऱ्या लवचिक पट्ट्यांचे कौतुक विद्यार्थ्यांच्या वाचनात वारंवार येते. खर्चही कमी, असे सांगितले जाते. भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी हे वरदानच वाटेल; उन्हाळ्यात तिथे घामाला तोटा नाही! पण वरदान मानण्यापूर्वी दावा तपासायला हवा.

तत्त्व भक्कम आहे. १९६२ मध्ये क्लार्क व लायन्स यांनी विकराच्या साहाय्याने चालणाऱ्या विद्युतअग्राची कल्पना मांडली. ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनते आणि त्याच्या प्रमाणात वीजप्रवाह मिळतो. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर कार्बनची शाई छापून असे अग्र स्वस्तात तयार होते. २०१६ मध्ये बर्कले येथील संशोधकांनी घामातील ग्लुकोज, लॅक्टेट, सोडियम व पोटॅशियम एकाच वेळी मोजणारा पट्टा करून दाखवला. ही कामगिरी मोठीच.

अडचण घामात आहे. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. तेवढ्याच घामात जेमतेम एक-दोन. म्हणजे एक मिलिग्रॅमची चूक रक्तात सुमारे एक टक्क्याची, तर घामात पन्नास ते शंभर टक्क्यांची! द्राक्षे खाऊन नीट न धुतलेला हातही एवढी चूक घडवील. शिवाय घाम येण्याचा वेग, त्याची आम्लता व त्वचेचे तापमान यांनुसार आकडा बदलतो.

'स्वस्त' हा शब्दही तपासावा. पट्टी स्वस्त असेल. पण आकडा वाचणारे यंत्र, विकर उन्हापासून जपणे आणि पडताळणीसाठी पुन्हा रक्तच तपासणे, हा खर्च कोण धरतो? आपल्याकडे २०१४ मध्ये मुंबईची आय.आय.टी. व हैदराबादची बिर्ला संस्था यांचे ग्लुकोमीटर पुढे आले, तेव्हा रक्ताची पट्टी दोन ते चार रुपयांना मिळेल असे जाहीर झाले होते. स्पर्धा या पट्टीशी आहे.

२००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले, त्वचेतून द्रव ओढून साखर मोजणारे घड्याळ घाम आला की मोजणी वगळत असे. ते पुढे बाजारातून गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील औषध प्रशासनाने, त्वचा न टोचता रक्तशर्करा सांगणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नका, असा इशारा दिला. कारण उघड आहे : चुकीच्या आकड्यावर इन्शुलिन घेतले, तर जीव धोक्यात येतो.

घाम निरुपयोगी मात्र नाही. सिस्टिक फायब्रोसिसच्या निदानासाठी घामातील क्लोराइड १९५० च्या दशकापासून मोजले जाते, कारण त्या रोगात ते ठळकपणे वाढते. म्हणून अशी बातमी वर्गात आली की शिक्षकांनी तीन प्रश्न विचारायला लावावेत : पदार्थ किती आहे, चूक किती होते आणि रक्ताशी ताळा कोणी, किती जणांवर पाहिला?