राउट ग्रुप: ग्रुपमध्ये ग्रुप, पण कुठपर्यंत?

फील्डवर्कचा डेटा वेबसाइटवर टाकायचा म्हटलं की आपल्यातले बरेच जण पीएचपीच्या लारावेलकडे वळतात. आज त्याच्या एकाच सोयीबद्दल बोलू: राउट ग्रुप.

सोय चांगलीच आहे. पन्नास राउटना एकेक करून लॉगिनची अट लावत बसायला नको. ग्रुपला एकदा ‘ऑथ’ मिडलवेअर लावलं की आतल्या सगळ्यांना लागू. आत दुसरा ग्रुप टाकला तरी ते खाली उतरतं. पण सगळीकडे असंच चालतं असं धरून चालू नका. कोडइग्नायटर ४ मध्ये, ४.५.० आवृत्तीच्या आधी, आतल्या ग्रुपला वेगळे ऑप्शन दिले की बाहेरचे त्यात मिसळत नव्हते. म्हणजे बाहेर लावलेलं कुलूप आतल्या खोलीला लागेलच याची खात्री नव्हती. म्हणून लॉगिन न करता प्रत्येक पत्ता एकदा उघडून बघा.

माझी खरी तक्रार प्रीफिक्सबद्दल आहे. आतल्या ग्रुपचा प्रीफिक्स बाहेरच्याला जोडला जातो, त्यामुळे अख्खी उतरंड पत्त्यात घालायचा मोह होतो. समजा, विहिरींच्या जुन्या नोंदींसाठी तुम्ही पत्ता केला: /परभणी/वसमत/विहिरी/१२. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला आणि वसमत तिकडे गेलं. विहीर जागेवरच, पत्ता मात्र चुकला! लातूरचंही तेच: १९८२ पर्यंत ते उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आणि आता उस्मानाबादचंच धाराशिव झालंय. प्रबंधात एकदा छापलेली लिंक आपल्याला बदलता येत नाही. मग रीडायरेक्ट कायम सांभाळत बसा.

लारावेलमध्येच यावर उपाय आहे. ‘शॅलो’ लावलं तर यादीचा पत्ता तालुक्याखाली राहतो, पण एकेका नोंदीचा पत्ता सुटसुटीत होतो: /विहिरी/१२. शिवाय मिडलवेअर आणि प्रीफिक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रीफिक्स न देताही ग्रुप करता येतो. शिकवताना दोन्ही एकत्रच दाखवतात, म्हणून आपला घोळ होतो.

अजून एक. तीन थर झाले की पूर्ण पत्ता फाइलमध्ये सलग कुठेच दिसत नाही, शोधला तरी सापडत नाही. ‘पीएचपी आर्टिझन राउट:लिस्ट’ चालवा, सगळे पत्ते समोर येतात.

थोडक्यात, संरक्षणासाठी ग्रुप खुशाल करा. पत्त्यात मात्र तेवढंच घाला, जे उद्या सरकारने नकाशा बदलला तरी बदलणार नाही.