मेटल आणि पंक: अल्बम लांबले, धार गेली

हेवी मेटल आणि पंक यांचं हाडवैर आहे, असं रॉकच्या इतिहासात वारंवार लिहिलं गेलं आहे. वैर होतंच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये दोन्हीकडचे चाहते एकमेकांना पाण्यात पाहत. आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसला तर पंक कधीच सहन झालं नाही. पण ही भांडणं बाजूला ठेवून नुसते अल्बम ऐकत गेलं की उलटंच चित्र दिसतं. दोन्हीकडचे टिकलेले अल्बम बहुतेक करून अडचणीत झाले. कधी पैसा नव्हता, कधी वेळ नव्हता, एकाच्या तर बोटांची टोकंही नव्हती. आणि त्यातले सर्वांत जळजळीत अल्बम झाले ते एकाने दुसऱ्याकडून बिनदिक्कत उचलेगिरी केली तेव्हा. आज मेटल मला जिथे कमी पडताना दिसतं, तिथे पंककडून घेतलेली काटछाट ते विसरलं आहे.

सुरुवात बर्मिंगहॅमपासूनच करायला हवी. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. त्याचं ध्वनिमुद्रण एका दिवसात उरकलं होतं. चौघांनी रोजचा कार्यक्रम स्टुडिओत वाजवला आणि ते पुढच्या कामाला लागले. गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली गेली होती, तीही नोकरीच्या शेवटच्या दिवशी. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, गिटारला हलक्या तारा लावल्या. ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ (१९७१) मधल्या काही गाण्यांत तर त्याने तारा तीन अर्धस्वरांनी खाली उतरवल्या. सैल तार दाबायला सोपी, पण तिचा आवाज जाड आणि जड येतो. डूम, स्लज, स्टोनर या मेटलच्या सगळ्या संथ शाखा आजही त्याच खर्जावर उभ्या आहेत. शेवटचं ‘इनटू द व्हॉइड’ चांगल्या स्पीकरवर ऐकून पाहा. रिफ डोंगरासारखी आहे, पण बिल वॉर्ड जॅझ ऐकत वाढलेला ड्रमर. त्याचा ठेका जागच्या जागी झुलत राहतो, म्हणून एवढं वजन असूनही गाणं चालतं. पुढच्या पिढ्यांनी सॅबथचं वजन घेतलं, झोका फारच थोड्यांनी घेतला. अख्खा अल्बम जेमतेम ३४ मिनिटांचा आहे.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर हे चौघे शेवटचे एकत्र आले. त्यांनी चार गाणी वाजवली, आणि चारही १९७० सालची. त्यानंतर १७ दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला.

पंकच्या बाजूला, न्यूयॉर्कमध्ये १९७६ साली रामोन्सनी आपला पहिला अल्बम ६,४०० डॉलरांत केला. १४ गाणी, २९ मिनिटं. या अल्बमला बालिश म्हणणारे मला नेहमी भेटतात. त्यांनी जॉनी रामोनच्या उजव्या हाताकडे लक्ष दिलेलं नसतं. तो तारांवर हात फक्त वरून खाली मारतो, परतीचा घाव नाहीच. त्या गतीने दोन मिनिटं वाजवून पाहा, मनगट भरून येतं. पण प्रत्येक घाव सारखाच वजनदार पडतो, आणि रामोन्सचा सगळा रेटा त्यातून येतो. दहा वर्षांनी मेटालिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ मध्ये जेम्स हेटफिल्ड ज्या पद्धतीने रिफ कापतो, ती याच मनगटाची तालीम आहे.

पंक म्हणजे वाजवता न येणाऱ्यांचं संगीत, हा समज तर सेक्स पिस्टल्सच्या १९७७च्या अल्बमनेच खोटा पाडला होता. त्याच्या निर्मात्यांपैकी ख्रिस थॉमसने आधी पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’च्या मिक्सिंगवर काम केलं होतं. स्टीव्ह जोन्सने एकावर एक गिटारचे थर चढवले आणि बहुतेक गाण्यांतला बेसही स्वतःच वाजवला. पोस्टरवर मिरवणारा सिड व्हिशस त्यात जवळजवळ नाही. जॉनी रॉटनचा आवाज काढून टाकला तर उरते ती चक्क हार्ड रॉकची भिंत. द क्लॅशचा ‘लंडन कॉलिंग’ थोर आहे, यात वाद नाही. पण रेगे, रॉकबिली, जॅझ असं सगळं पोटात घेणारा तो अल्बम पंकच्या कुंपणाबाहेर पडण्याचा आहे. त्याला इथे नमस्कार करून पुढे जातो.

दोन्ही छावण्यांनी निमूट मान्य केलेला माणूस एकच, लेमी. हॉकविंडमधून १९७५ साली काढून टाकल्यावर त्याने मोटरहेड काढला. लोक ‘एस ऑफ स्पेड्स’चं नाव घेतात; माझं मत ‘ओव्हरकिल’ (१९७९) ला. शीर्षकगीतात फिल टेलर दोन्ही पायांनी बेस ड्रम हाणत सुरुवात करतो, आणि तिथे थ्रॅशचा पाया पडलेला ऐकू येतो. तिकडे स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिस्चार्जने १९८२ साली अणुयुद्धाच्या भीतीवर २७ मिनिटांचा अल्बम केला. त्याचा ठेका इतका पसरला की जगभर त्याला डी-बीट हेच नाव पडलं. स्वीडनच्या पोरांनी तो उचलला, आणि एन्टुम्डने ‘लेफ्ट हँड पाथ’ (१९९०) साठी बॉसच्या एचएम-२ पेडलची सगळी बटणं पूर्ण फिरवून लाकूड कापणाऱ्या करवतीचा आवाज काढला. डेथ मेटल म्हणून आपण तो अल्बम ऐकतो, पण त्याचं अर्धं रक्त इंग्लिश पंकचं आहे.

या देवाणघेवाणीचा कळस म्हणजे स्लेअरचा ‘रेन इन ब्लड’ (१९८६). गिटारवादक जेफ हॅनेमन हार्डकोर पंकचा वेडा. निर्माता रिक रुबिन तेव्हा हिप-हॉपमध्ये काम करणारा. आधीच्या ‘हेल अवेट्स’ मध्ये सगळं गुहेतून आल्यासारखं घुमत होतं. रुबिनने ते घुमणं पुसून टाकलं. आवाज कोरडा झाला आणि डेव्ह लोम्बार्डोचा एकेक घाव अंगावर यायला लागला. अल्बम २९ मिनिटांचा. आमच्या मुंबईत हे अल्बम एकमेकांकडून कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची पद्धत होती. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला ‘रेन इन ब्लड’ आणि दुसऱ्या बाजूला रामोन्सचा पहिला अल्बम अख्खेच्या अख्खे मावायचे. ती कॅसेट उलटसुलट लावत राहिलं की ही दोन संगीतं सख्खी भावंडं आहेत, हे कुणी वेगळं सांगावं लागत नसे.

उलट दिशेचा प्रवास लॉस एंजेलिसच्या ब्लॅक फ्लॅगने केला. ‘माय वॉर’ (१९८४) ची पहिली बाजू वेगवान आहे. दुसऱ्या बाजूवर फक्त तीन गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर, आणि गती सॅबथची. वेग हाच धर्म मानणारे पंकवाले खवळले. हेन्री रोलिन्स त्या बाजूवर गात नाही, स्वतःला सोलून काढतो. ती बाजू ऐकणं कष्टाचं आहे. मेल्विन्स आणि पुढचं निम्मं सिॲटल तिथून निघालं, म्हणून पंकच्या कोणत्याही यादीत मी ती वरच ठेवीन.

मग बिनसलं कुठे? माझ्या मते पहिलं कारण सीडी. एलपीच्या एका बाजूवर साधारण २२ मिनिटं चांगली बसतात, त्यामुळे कमकुवत गाणं आपोआप गळायचं. सीडीने ७४ मिनिटं दिली आणि प्रत्येकाला ती भरावीशी वाटू लागली. स्ट्रीमिंगने तर तेवढीही मर्यादा ठेवली नाही. मेटालिकाचा ‘...ॲण्ड जस्टिस फॉर ऑल’ (१९८८) ६५ मिनिटांचा. त्यातली रचना अजूनही थक्क करते, पण बेस जवळपास ऐकूच येत नाही आणि काही गाणी दोन मिनिटं आधी संपायला हवी होती. ‘७२ सीझन्स’ (२०२३) ७७ मिनिटांचा. त्यात उत्तम रिफ भरपूर आहेत, पण प्रत्येक रिफ चार वेळा ऐकवायची जिथे गरज होती तिथे आठ वेळा येते. मेडनचा ‘सेनजुत्सू’ (२०२१) ८० मिनिटांच्याही पुढे जातो. हॅरिसच्या लांबलचक गाण्यांवर माझं मनापासून प्रेम आहे, तरी सांगतो: दोनेक गाणी गाळली असती तर तो त्यांच्या उत्तम अल्बमांत बसला असता.

लांबी हा मुळात दोष आहे असं नाही. डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशनच्या ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’ (२०२४) मध्ये दोनच रचना आहेत, प्रत्येकी वीसेक मिनिटांच्या, आणि त्यांत डेथ मेटलमधून सत्तरच्या दशकातल्या जर्मन सिंथ संगीतात जाणाऱ्या वाटा इतक्या सहज उघडतात की घड्याळाकडे बघावंसं वाटत नाही. सांगायला काही असलं की लांबी शोभते.

दुसरं कारण आवाजाचं. मेटालिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) मध्ये गाणी बरीच चांगली होती, पण अल्बम मोठ्यात मोठा वाजावा म्हणून ध्वनीतले चढउतार दाबून सगळंच कमाल पातळीला नेऊन ठेवलं. ड्रमच्या घावाला वर उसळायला जागाच उरली नाही, त्याचा माथा कापला गेला आणि कानाला फक्त खरखर आली. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या खेळासाठी दिली गेली तेव्हा इतकी दाबलेली नव्हती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली आणि फसवणूक झाल्याची भावना पसरली. त्याहून खोल नुकसान ड्रम्सचं झालं आहे. हल्ली प्रत्येक घाव संगणकावर रेघेत आणून बसवतात, आणि पुष्कळदा एकच चांगला घाव निवडून बाकी सगळ्यांच्या जागी तोच लावतात. वाजवणारा माणूस त्यातून नाहीसा होतो. बिल वॉर्डचा झोका या पद्धतीत पहिल्याच दिवशी सरळ करून टाकला असता.

तरीही कला संपलेली नाही. डॅलसच्या पॉवर ट्रिपचा ‘नाइटमेअर लॉजिक’ (२०१७) आठ गाण्यांचा, तेहतीसेक मिनिटांचा. गेल्या दशकातला माझ्या मते सर्वोत्तम थ्रॅश अल्बम, आणि तो हार्डकोर पंकच्या मंचांवरून आलेल्या पोरांनी केला. त्यांचा गायक रायली गेल २०२० साली अकाली गेला, ही या संगीताची मोठी हानी आहे. बाल्टिमोरच्या टर्नस्टाइलने ‘ग्लो ऑन’ (२०२१) मध्ये ३५ मिनिटांत १५ गाणी दिली आणि हार्डकोरमध्ये नाचायला जागा करून दिली. आणि ज्युडास प्रीस्टचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ (२०२४) आला तेव्हा रॉब हॅल्फर्ड ७२ वर्षांचा होता. त्या वयात तशी पट्टी लावणं आणि प्रत्येक गाणं वेळेत आटोपणं, हे मी केवळ आदराने ऐकलं.

आपल्याकडे धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव व्हायचा. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे ते मोकळं नाट्यगृह या संगीताला बंद झालं, आणि मुंबईच्या बँडांची हक्काची जागा गेली. मेडन १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात आला, ग्रीन डे मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मीला. मोठ्या मैफली होतातच. पण इथे घडलेल्या अल्बमांवर लिहितं कोण? स्क्राइबचा ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) मुंबईच्या अंगच्या खट्याळपणासह हार्डकोर वाजवतो, आणि तो अजूनही ताजा वाटतो. डेमॉनिक रिझरेक्शनचा ‘दशावतार’ (२०१७) कल्पनेने मोठा आहे, एकेका अवताराला एकेक गाणं, भारतीय वाद्यांची जोड. मला मात्र त्याचे ड्रम्स फार गुळगुळीत वाटतात. नरसिंह खांब फोडून येतो तेव्हा थोडी धूळ उडायला हवी होती.

म्हणून मुंबई-पुण्यातल्या बँडांना एक विनंती करतो. पुढचा अल्बम पस्तीस मिनिटांचा करा. एका खोलीत, एकत्र वाजवून, ड्रम्सना हात न लावता ध्वनिमुद्रित करा. आणि वाचकांनो, तो आला की फुकट ऐकून सोडून देऊ नका, विकत घ्या.