संगणकीय प्राणिमुखांचे रंगकाम
संगणकावर शिल्पाप्रमाणे घडविलेल्या प्राण्यांच्या व कल्पित जीवांच्या मुखांवर त्वचेचा वर्ण, डाग, शिरा, व्रण इ. हाताने चितारण्याची कला. शिल्पकाराकडून मुखाला आकार मिळतो. त्याचे वय, प्रकृती व पूर्वायुष्य मात्र मुख्यत्वे रंगकारामुळे प्रतीत होते. तथापि या कलेचे मूल्यमापन बहुधा तपशिलांच्या विपुलतेवरून केले जाते आणि ते अपुरे आहे.

त्रिमितीय पृष्ठ सोललेल्या कातड्याप्रमाणे सपाट पसरून त्यावर चित्र काढावयाचे व ते पुन्हा आकारावर बसवावयाचे, ही या रंगकामाची मूळ रीत होय. वक्र पृष्ठावर चित्र बसविण्याची पद्धत एडविन कॅटमल यांनी १९७४ मध्ये यूटा विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात मांडली. जेम्स ब्लिन यांनी १९७८ मध्ये पृष्ठाच्या खडबडीतपणाचा आभास गणिताने साधून दाखविला. सपाट चित्रावर काम करताना नाकाची कड वा कानाची पाळी नेमकी कोठे येईल, याचा अंदाज बांधावा लागे. पॅट हॅनराहन व पॉल हेबर्ली यांनी १९९० मध्ये थेट त्रिमितीय आकारावर रंगविण्याची पद्धती मांडली, तेव्हा ही अडचण दूर होऊ लागली.

ज्युरासिक पार्क (१९९३) या चित्रपटात स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत तयार झालेला पूर्णाकृती यांत्रिक डायनोसॉर आणि संगणकावरील डायनोसॉर आलटूनपालटून दिसतात. दोहोंच्या कातड्यांतील सांधा प्रेक्षकाला जाणवू न देणे, हे येथील रंगकामाचे यश. मात्र ते अनुकरणाचे यश होते. द टू टॉवर्स (२००२) मधील गॉलमच्या मुखाला याहून कठीण कसोटी होती. अँडी सर्किस यांच्या अभिनयावर आधारलेले हे मुख पडद्यावर दीर्घकाळ जवळून दिसते व बोलते. त्वचेत शिरून आत विखुरणाऱ्या प्रकाशाचे व्यवहार्य गणित २००१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. अशा गणितामुळे त्वचेला अर्धपारदर्शकता आली. पण कोणत्या जागी रक्त दिसावे व कोणती जागा निस्तेज राहावी, हा निर्णय कलावंताचाच राहिला. अवतार (२००९) या चित्रपटाच्या रंगकामाचे नेतृत्व करणारे जीनो असेवेदो हे कृत्रिम अवयव व मुखवटे रंगविण्याच्या व्यवसायातून आले होते, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पातळ रंगांचे थर एकावर एक देऊन निर्जीव पृष्ठाला मांसलता आणण्याची ती जुनी विद्या संगणकावरही उपयोगी पडली.

व्यक्तिचित्रणाहून हे रंगकाम एका बाबतीत मूलतः भिन्न आहे. चित्रकार छायाप्रकाश रंगवितो. येथे तो रंगवावयाचा नसतो, कारण प्रकाश दृश्यागणिक बदलतो. गालाखाली रंगविलेली सावली दिवा फिरला तरी तेथेच राहते व मुख मळकट दिसू लागते. संगणकीय खेळांच्या आरंभीच्या काळात यंत्राची क्षमता अल्प असल्याने सावल्या हेतुपुरस्सर चितारल्या जात. तो संकेत त्या माध्यमापुरता योग्यच होता. चित्रपटातील मुखाला तो लागू पडत नाही.

प्रत्यक्ष त्वचेची छायाचित्रे पृष्ठावर प्रक्षेपित करणे आणि सूत्रांच्या आधारे यादृच्छिक ठिपके उमटविणे, या दोन्ही पद्धती आता रूढ आहेत. त्यांनी श्रम वाचतात. परंतु केवळ त्यांवर विसंबल्यास कपाळ, गाल, हनुवटी सर्वत्र सारखाच तपशील भरतो आणि दृष्टीला विसावा मिळत नाही. अर्धे मुख रंगवून उरलेले आरशाप्रमाणे उलटविले, तर दोन्ही गालांवर एकच डाग उमटतो व कृत्रिमता तत्काळ उघड होते. जिवंत मुखावर झीज विषम असते : पापण्यांच्या कडा, नाकपुड्या व ओठांचे कोपरे यांवर सवयींच्या खुणा साचतात, तर इतर भाग तुलनेने मोकळे राहतात.

म्हणून या रंगकामाची गुणवत्ता तपशिलांच्या संख्येवर नव्हे, तर त्यांच्या निवडीवर ठरते. सूत्राने व्रण हवे तितके उमटविता येतात. परंतु एखाद्या प्राण्याच्या भुवईवर एकच व्रण का असावा आणि तो जुना का दिसावा, हे ठरविण्यासाठी त्या प्राण्याचे आयुष्य कल्पावे लागते. ही कल्पना जेथे नाही, तेथे अतिसूक्ष्म कातडेही मुखवटाच राहते.