बाशिंगाचं वजन

पोळ्याच्या दिवशी माझ्या फोनवर सकाळपासून बैल येतात. रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरमाळा आणि खाली बहिणाबाई चौधरींच्या दोन ओळी. मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसून त्यांना लाइक देतो. धुळे तालुक्यातल्या आमच्या घरी गोठा रिकामा आहे. आई मातीच्या बैलजोडीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवते.

गेल्या पोळ्याला मी त्या दोन ओळींवर न थांबता ‘पोया’ ही अख्खी कविता वाचली. पोळ्याला आम्हीही पोयाच म्हणतो. फक्त आमची बोली अहिराणी आणि बहिणाबाईंची जळगावकडची लेवा गणबोली. त्या निरक्षर होत्या. जात्यावर, शेतात सुचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी उतरून ठेवली. पुस्तक आलं 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी.

कवितेची सुरुवात सणासारखीच आहे: शेंदूर, सजावट, गोडधोड. मग बैलाच्या कष्टांचा हिशेब येतो. आणि शेवटाकडे बाई चक्क सणालाच अडवतात. शिंगांवर जड बाशिंग बांधू नका, बैलांना पळवून दमवू नका. हौस आपली होते आणि त्रास त्याला. पूजेला त्या उपकाराची परतफेड म्हणतात. शाळेतल्या निबंधातला ‘शेतकऱ्याचा मित्र’ इथे नाही. इथला बैल सावकार आहे, आणि त्याने कधी तगादा लावलेला नाही.

‘माणूस’ या कवितेतही गुरं चारा खाऊन दूध देतात, कुत्रा इमानाने शेपूट हलवतो आणि माणूस मात्र मतलबासाठी मान डोलावतो. म्हणजे मोजमाप जनावराचं आणि उणा ठरतो तो माणूस.

माझी एक तक्रार आहे, ती लाडक्या ‘खोप्या’बद्दल. तिथे सुगरण पिलांसाठी घर विणते. प्रत्यक्षात खोपा विणतो नर. मादी तो पारखून निवडते. ऐन तिशीत विधवा होऊन एकटीने मुलं वाढवणाऱ्या बाईला त्या पाखरात आई दिसली, हे मी समजू शकतो. तरी तिथे पाखराच्या डोक्यावर बाशिंग बांधलंय ते बहिणाबाईंनीच. ‘पोया’त त्या ते उतरवतात. बैल बैलच राहतो, दमलेला, एक दिवस निवांत बसू पाहणारा. म्हणून मला ‘पोया’ जास्त मोठी वाटते.

मी इंजिनिअरिंगला लागलो त्या वर्षी आबांनी जोडी विकली. पहिल्या वर्षाची फी त्यातून भरली. तेव्हा मी त्या बैलांकडे नीट पाहिलंही नव्हतं. आज त्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. स्टेटसला टाकतो ते बैल कुणाचे तरी दुसऱ्याचेच असतात.