लांब बासरीचा मोह

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, "सर, शिकायला बासरी घ्यायची तर किती लांब घ्यावी?" प्रश्न साधा आहे, पण आपला घोळ नेमका तिथेच होतो.

लांब बासरी मैफलीत रुजवली ती पन्नालाल घोषांनी. सुमारे ३२ इंचांची. ख्यालाची संथ आलापी आणि मंद्रातला भरदार स्वर त्यांना बांबूतून हवा होता, म्हणून ती तेवढी लांब झाली. आपण ही गरज विसरलो आणि फक्त लांबी उचलली, असं मला वाटतं.

मीही त्यातलाच बरं का! निवृत्तीनंतर वाशीतून तशीच लांब बासरी आणली. बोटं छिद्रांपर्यंत पोचेनात. सहा महिने स्वतःलाच नालायक ठरवत बसलो. लहान मुलांना तर आपण "याला जमत नाही" म्हणून सरळ मोडीत काढतो, आणि हे मला फार खटकतं. अहो, छिद्र नीट झाकलं नाही, हवा जराशी निसटली, की मंद्र लागतच नाही. त्यात मुलाचा काय दोष?

तेव्हा आधी हाताला बसेल अशी मध्यम बासरी घ्या. तानपुऱ्याबरोबर षड्ज, पंचम, तार षड्ज तपासा. प्रत्येक बांबू वेगळा असतो. वाजवून झाल्यावर आतून कोरड्या कापडानं पुसा, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते. आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. माझी पहिली तशीच तडकली.